पचणार तर आहेच, पण कुणाच्या दारात?

आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाने एक ओढा जातो आणि पुढे कृष्णेला मिळतो. पावसाळा सोडला तर त्याला स्वतःचे असे पाणी नसते. वरच्या बाजूच्या एका दूध प्रकल्पाचे धुण्याचे पाणी आणि निम्म्या गावाच्या मोऱ्या, एवढेच त्यातून वाहते. रात्री नऊनंतर प्रकल्पातले टँकर, टाक्या, पाइप धुतले जातात आणि ओढा पांढुरका होतो. वरच्या पुलाजवळ वास येतो तो आंबट, ताक सांडल्यासारखा. तेच पाणी वस्तीपर्यंत येईतो त्याला सडक्या अंड्यांचा वास लागलेला असतो. डोहाच्या कडेला काळ्या चिखलातून बुडबुडे येतात आणि पोरे त्यांच्यावर खडे मारत बसतात.

शेजारच्या आत्या दर उन्हाळ्यात एकदा तरी विचारतात, "कुणाचं जनावर मेलंय का रं तिकडं?"

जनावर मेलेले नसते. ओढ्यात दूध पचत असते.

हे थट्टेने म्हणत नाही. आधी आंबट, मग सडका वास आणि शेवटी बुडबुडे हा क्रम म्हणजे पचनाच्या पायऱ्याच आहेत. पाण्यातले जंतू आधी दुधातली साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ फोडतात आणि त्यांचे आम्ल करतात. पाण्यातला ऑक्सिजन संपला की हवेशिवाय जगणारे दुसरे जंतू कामाला लागतात. काही जण हायड्रोजन सल्फाइड हा अंड्याच्या वासाचा वायू सोडतात, तर काही मिथेन करतात. हेच काम हवाबंद टाकीत झाले तर त्याला सांडपाणी प्रक्रिया म्हणतात आणि त्याची फाईल होते. ओढ्यात झाले तर त्याला कुणी नावही देत नाही. पण काम तेच आणि जंतूही तेच. दुधाचे पाणी कुठेतरी पचणारच. ते मालकाच्या टाकीत पचायचे की आपल्या दारात, एवढाच प्रश्न आहे आणि तो आपण विचारायचा आहे.

"दुधाचंच तर पाणी आहे, त्यात कसली घाण?" असे गावातली शहाणी माणसे म्हणतात. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. दूध अन्न आहे हे खरेच, पण ते जसे आपले अन्न तसे जंतूंचेही आहे. ते खाताना जंतू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील याच्या मापाला बीओडी म्हणतात. घरच्या मोरी-संडासाच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असतो. दूध प्रकल्पाच्या सांडपाण्याचा साधारण हजार ते अडीच हजार भरतो. पनीर केल्यावर उरणाऱ्या निवळीचा तीस हजारांच्या वर जातो आणि निव्वळ दुधाचा एक लाखाच्या आसपास. आपल्याकडच्या हवेत नदीच्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन मावतो तो जेमतेम आठ मिलिग्रॅम. हिशेब करून पाहा. एक लिटर दूध साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकते. जत, आटपाडी, माण, खटाव या भागातल्या बायाबापड्यांना साडेबारा हजार लिटर म्हणजे किती हे सांगायला नको. मोठा टँकर दारात येतो, तेवढे ते पाणी. माशांना लिटरमागे चारेक मिलिग्रॅम ऑक्सिजन तरी लागतो. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तो सगळ्यांनी पाहिला. नदीत पाणी कमी असते तेव्हा थोड्याशा घाणीनेही मासे मरतात.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दूध आणि उसावर उभे आहेत. भिलवडीला 1939 पासून दुधाचा धंदा आहे. कराड, इस्लामपूर, फलटण, सगळीकडे संघ आणि खासगी डेअऱ्या आहेत. आपल्यातली कितीतरी कुटुंबे एका म्हशीच्या दुधावर महिना काढतात. म्हणून डेअरी बंद करा असे मी म्हणणार नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांच्या मागेही जाऊ नका. बंद झाली तर पहिली चूल आपलीच विझेल. मागणी वेगळी करायला हवी.

ती कोणती हे समजायला गोबर गॅस आठवा. खड्ड्यात शेणकाला जातो, हवा लागत नाही, वर गॅस जमतो, खालून मळी बाहेर येते. सांडपाण्याची टाकी याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की शेणकाला घट्ट असतो आणि डेअरीचे पाणी पातळ. पातळ पाण्याबरोबर जंतूही वाहून जातात, आणि जंतू गेले की काम संपले. यावर उपाय काढला नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या गात्झे लेट्टिंगा यांनी, 1970 च्या दशकात. पाणी टाकीत खालून वर चढवायचे, पण इतके हळू की जंतूंचा गाळ चादरीसारखा तळाजवळ टिकून राहील. त्या गाळातून जाताना पाण्यातले अन्न जंतू खातात. वर गॅस वेगळा होतो आणि नितळ पाणी कडेने बाहेर पडते. या पद्धतीचे सुरुवातीचे मोठे प्रयोग झाले ते बीटसाखरेच्या कारखान्याच्या सांडपाण्यावर, म्हणजे आपल्या साखरपट्ट्याच्या भाऊबंदांकडेच. लेट्टिंगा यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. ज्याला लागेल त्याने वापरावे, असा त्यांचा विचार होता.

आपल्याकडेही हे नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्येच मैल्याच्या गॅसवर दिवे लावले होते. देहू गावात डॉक्टर म्हणून गेलेल्या सुहास विठ्ठल मापुस्करांनी शौचालयाला जोडलेला गॅस प्लांट लोकांच्या अंगवळणी पाडला. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्या आहेत. त्यांच्या काळ्या पाण्याचा, ज्याला आपण मळीचे पाणी म्हणतो त्याचा, बीओडी दुधाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमपर्यंत असतो. तेही आधी असेच हवेशिवाय पचवतात आणि निघालेला गॅस बॉयलरमध्ये जाळतात. म्हणजे तंत्र माहीत नाही, अशी सबब कुणाला सांगता येणार नाही.

दुधाच्या पाण्याची मात्र काही खास दुखणी आहेत. ती ठाऊक असली म्हणजे "आमची टाकी आहे की" या उत्तराने आपण गप्प बसणार नाही.

पहिले दुखणे साय-तुपाचे. स्निग्ध अंश टाकीत गेला की वर तरंगतो, गाळाला चिकटतो, जंतूंचा जणू गळाच दाबतो. म्हणून टाकीच्या आधी तूप धरणारा हौद हवा आणि त्यावरचा थर रोज काढला पाहिजे. दुसरे दुखणे आंबण्याचे. दुधातली साखर झटकन आम्ल होते आणि मिथेन करणारे जंतू नाजूक, त्यांना आंबट चालत नाही. एकदा टाकी आंबली की गॅस बंद होतो आणि घाण जशीच्या तशी बाहेर पडते. चुना, सोडा टाकून टाकी ताळ्यावर आणावी लागते. तिसरे दुखणे धुण्याच्या रसायनांचे. पाइप आधी कॉस्टिकने धुतात, मग नायट्रिक ॲसिडने. ते पाणी एकदम टाकीत सोडले तर जंतू मरतात. ते आधी एका मोठ्या हौदात बाकीच्या पाण्यात मिसळून मवाळ करावे लागते. आणि टाकी नव्याने सुरू करायची तर विरजण लागते, शेणकाल्याचे किंवा दुसऱ्या चालू टाकीतल्या गाळाचे. पण हे विरजण एका रात्रीत लागत नाही. आठवडे, कधी महिने जातात. "उद्यापासून चालू करतो" असे कुणी सभेत म्हणाले तर ते खोटे आहे, हे तिथल्या तिथे सांगता आले पाहिजे.

शिवाय हवेशिवायच्या पचनाने सगळे भागत नाही. बीओडीचा मोठा वाटा जातो, ऐंशी टक्क्यांच्या आसपास, पण उरलेल्यासाठी आणि वासासाठी नंतर हवा घालण्याची टाकी लागतेच. केंद्राच्या नियमाप्रमाणे डेअरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत हवा, आणि गरज पडल्यास प्रदूषण मंडळ ही मर्यादा 30 पर्यंत कडक करू शकते. तेल-तूप 10 च्या आत हवे. एकट्या हवेच्या टाकीवर सगळा भार टाकला तर ब्लोअरला वीज फार लागते, गाळही फार निघतो, आणि रात्री ब्लोअर बंद ठेवण्याचा मोह होतो. म्हणून आधी हवाबंद टाकी, मग हवा, हाच क्रम शहाणपणाचा. यात मालकाचाही फायदा आहे. रोज एक लाख लिटर दूध हाताळणारा प्रकल्प धरा. लिटरमागे दोन लिटर सांडपाणी आणि त्यात लिटरला तीन ग्रॅम सीओडी (हा बीओडीचाच थोरला भाऊ) धरला तर दिवसाला 600 किलो होतो. त्यातला 480 किलो टाकीत पचला तर किलोमागे 0.35 घनमीटर या हिशेबाने 168 घनमीटर मिथेन मिळतो. म्हणजे आपल्या घरात येतात तसल्या आठ-नऊ सिलिंडरांची उष्णता, रोजची. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात थोडे कमी पडेल. तरीही बॉयलरचे तेवढे जळण वाचते.

लहान पनीर-खव्याच्या युनिटांना स्वतःची टाकी परवडत नाही हे मला मान्य आहे. त्यांनी निवळी ओढ्यात ओतू नये, जनावरांना घालावी, नाहीतर चार-सहा जणांनी मिळून एक टाकी करावी. ग्रामपंचायतीने ना-हरकत देताना हे विचारायला हवे. आणि ती सामाईक टाकी पुन्हा आमच्याच वस्तीच्या कडेला नको. गावकुसाबाहेरची, उताराची, ओढ्याकाठची जागा आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला का आली हे नव्याने सांगायला नको. "तिकडं रिकामी जागा आहे" हे वाक्य ऐकले की आपण सावध झाले पाहिजे.

आता आरोग्याचे. खरे तेवढेच बोलू, कारण खोटे बोललो की अर्जातला खरा भागही केराच्या टोपलीत जातो. दुधाच्या पाण्याने कावीळ होत नाही. 2012 मध्ये शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. अशी साथ माणसाच्या मैल्यातून पिण्याच्या पाण्यात शिरते. पण ओढ्यात डेअरीचे पाणी आणि संडासाचे पाणी एकत्र वाहत असेल आणि नळाची फुटकी पाइपलाइन त्यातूनच जात असेल, तर दोन्हींची जोखीम एका जागी येते. सांगलीच्या शेरीनाल्याकाठच्या लोकांना हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि तिथली घाण मुख्यतः शहराच्या घराघरातली आहे, हेही विसरू नये. अंड्याच्या वासाच्या वायूने डोके दुखते, डोळे चुरचुरतात, मळमळते, दम्याच्या माणसाला त्रास वाढतो. साचलेल्या घाण पाण्यात क्यूलेक्स डास वाढतात. हत्तीरोग पसरवणारा डास हाच. डेंगीचा डास मात्र आपल्या घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात असतो, त्याचे खापर ओढ्यावर फोडू नका. ओढ्याकाठच्या आडाचे, बोअरचे पाणी तपासून घ्या, तोवर उकळून प्या. मेलेले मासे फुकट मिळाले म्हणून घरी आणू नका.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

आमच्या वस्तीतला एक मुलगा ठेकेदाराकडे कामाला आहे. कुठे, ते लिहीत नाही, त्याची रोजी जाईल. मागच्या उन्हाळ्यात तो पारावर भेटला. "जय भीम, आण्णा" म्हणाला आणि बसला. डोळे लाल होते. विचारले तर म्हणाला, "टाकीतला गाळ काढायला उतरलो होतो. तोंडाला रुमाल बांधला होता की."

मी म्हटले, "वास नाही आला?"

"पहिल्यांदा लई आला. मग यायचा बंद झाला. सुपरवायझर म्हणला, वास गेला म्हणजे गॅस गेला."

वाचकहो, हे वाक्य माणूस मारणारे आहे. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा त्याचा वास येतो. तो वाढला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. वास बंद झाला म्हणजे गॅस गेला नाही, गॅस वाढला. त्यापुढे काही श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. बातम्यांत एकाच टाकीत दोन-तीन मृत्यू येतात ते यामुळे. रुमालाने हा वायू अडत नाही. मिथेनने गुदमरायला होते ते वेगळेच, आणि कुणी बिडी पेटवली तर भडकाही उडतो.

आपला मुलगा त्या दिवशी वर आला, हे नशीब. पण मुलांची सुरक्षितता नशिबावर का सोडायची? 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 36 नेच अट घातली होती की, विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत आधी हवा तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वासाचे उपकरण आणि कमरेला दोर असल्याशिवाय, माणूस उतरवता येणार नाही, आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवे. गटारे आणि सेप्टिक टँकसाठी 2013 चा कायदा आहे. त्यातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. पण कारखान्यातली सांडपाण्याची टाकी आली की "ते गटार नव्हे, ही आमची खासगी टाकी" अशी पळवाट निघते. वायू मात्र तोच असतो, आणि उतरणारी मुलेही बहुतेक आपल्याच वस्त्यांतली. नीट बांधलेल्या टाकीचा गाळ पंपाने बाहेर काढता येतो, माणूस उतरवण्याची गरजच पडत नाही. म्हणून माझ्या मागणीत दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. दूध तुमच्या टाकीत पचवा, आणि त्या टाकीत आमचा मुलगा उतरवू नका. पहिली मान्य करून दुसरी सोडून दिली, तर ओढ्यातला वास आम्ही टाकीत कोंडला आणि आमचीच पोरे त्यात पाठवली, एवढेच होईल.

करायचे काय? पाणी कधी सुटते ते वहीत लिहा. तारीख, वेळ, रंग, वास आणि जमल्यास फोटो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालये सांगलीतही आहेत आणि साताऱ्यातही. त्या प्रकल्पाचे संमतीपत्र मागा, किती पाणी आणि कोणत्या मर्यादेत सोडायचे ते त्यात लिहिलेले असते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. आपण भरलेली पाण्याची बाटली कोर्टात पुरावा ठरत नाही. नमुना अधिकाऱ्याने कायद्याच्या रीतीने घ्यावा लागतो. म्हणून रात्री पाणी सुटते तर अधिकाऱ्याला रात्रीच बोलवा, आणि तसे लेखी कळवा.

येत्या ग्रामसभेत मी स्वतः एकच प्रश्न विचारणार आहे. तुमची प्रक्रिया चालते का, असे विचारणार नाही, कारण त्याला "चालते" हे उत्तर तयार असते. मी विचारणार आहे की टाकीच्या गॅसला मीटर आहे का, आणि असेल तर गेल्या वर्षाची रोजच्या गॅसची वही दाखवा. पाण्याचा एखादा नमुना सांभाळून भरता येतो, पण गॅसचा आकडा दुधाच्या आवकेशी जुळावा लागतो. दूध एक लाख लिटर आणि वहीत गॅस शून्य, असे असेल तर तो गॅस कुठे तयार होतो हे दाखवायला मी सगळ्यांना ओढ्यावर घेऊन जाईन. बुडबुडे अजून येतातच.